फ्रेंच इमर्शन : प्रारंभिक प्राथमिक वर्गांतील अध्ययन-उपक्रम

घरी फ्रेंच न बोलणाऱ्या मुलांना फ्रेंच हा केवळ एक विषय म्हणून न शिकवता शाळेतील बहुतेक सर्व विषय फ्रेंचमधूनच शिकविण्याच्या कॅनडातील पद्धतीस ‘फ्रेंच इमर्शन’ असे म्हणतात. मुलाला भाषेत बुडविणे असा या शब्दामागील भाव असून मराठीत त्यासाठी ‘भाषानिमज्जन’ हा शब्द वापरता येईल. बालवर्गात किंवा पहिलीत सुरू होते ते प्रारंभिक इमर्शन, चौथीच्या सुमारास सुरू होते ते मध्यम आणि सहावी-सातवीपासूनचे ते विलंबित होय. प्रस्तुत नोंद प्रारंभिक इमर्शनच्या पहिल्या तीन-चार वर्षांतील, म्हणजे साधारण पाच ते आठ वर्षे वयाच्या मुलांच्या वर्गातील उपक्रमांविषयी आहे. फ्रेंच मातृभाषा असलेल्यांसाठी कॅनडात वेगळ्या फ्रेंच शाळा आहेत आणि अल्पसंख्याक भाषकांचा असा शिक्षणहक्क कॅनडाच्या राज्यघटनेतील १९८२ च्या हक्कविषयक अधिकारपत्राच्या कलम २३ ने मान्य केलेला आहे. त्या शाळा आणि इमर्शनचे वर्ग यांची गल्लत होता कामा नये. इमर्शनच्या वर्गात पहिल्या दिवशी फ्रेंच येणारी व्यक्ती बहुधा एकच असते, ती म्हणजे शिक्षिका. वर्गातील जवळजवळ प्रत्येक उपक्रमाची घडण या एका वस्तुस्थितीतून झालेली आहे.

या पद्धतीचा उगम मॉन्ट्रियलसमोर सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर असलेल्या सेंट लँबर्ट या उपनगरात झाला. १९६० च्या दशकात फ्रेंच भाषकांचे बहुमत असलेल्या क्वेबेक प्रांतात ‘शांत क्रांती’ म्हणून ओळखले जाणारे स्थित्यंतर घडत होते आणि नोकरी, व्यापार व राजकारण यांत फ्रेंचचे वजन वाढत होते. शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंचचे तास होऊनही आपल्या मुलांना शेजारच्या फ्रेंच मुलांशी चार वाक्ये धड बोलता येत नाहीत, हे तेथील इंग्रजी भाषक पालकांना खटकू लागले. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स व व्हॅलरी नील या मातांच्या पुढाकाराने १९६३ पासून पालकांचा एक गट या प्रश्नाच्या मागे लागला. शाळा मंडळ फारसे उत्सुक नव्हते. तरीही सप्टेंबर १९६५ मध्ये पहिला इमर्शन बालवर्ग सुरू झाला. मॅक्गिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट व त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली आणि १९७२ मध्ये तिचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मुलांचे इंग्रजी व गणित मागे पडत नाही आणि फ्रेंच मात्र नेहमीच्या तासांनी कधीच येणार नाही इतके चांगले येते, हा त्यांतील मुख्य निष्कर्ष होता. इंग्रजी व फ्रेंच या दोन्हींना संघराज्याच्या राजभाषा ठरविणाऱ्या १९६९ च्या कायद्यानंतर ही पद्धत देशभर पसरली आणि आज चार लाखांहून अधिक विद्यार्थी तिच्यात शिकतात. शिक्षण हा प्रांतांचा विषय असल्याने तपशील ठिकठिकाणी वेगळे आहेत. ओंटारिओ प्रांतात आठवीअखेर इमर्शनच्या विद्यार्थ्याचे किमान ३,८०० तास फ्रेंचमधून व्हावे लागतात. साध्या फ्रेंच विषयासाठी हीच अपेक्षा ६०० तासांची आहे.

बालवर्गातील दिवस ठरलेल्या क्रमाने चालतो आणि हा क्रम सहसा मोडला जात नाही. मुले गालिच्यावर गोलात बसतात, अभिवादनाचे गाणे होते, हजेरी होते, मग त्या दिवसाचा ‘नायक’ पुढे येऊन दिनदर्शिकेवर वार, तारीख व महिना दाखवतो आणि खिडकीबाहेर पाहून हवामान सांगतो. ‘आज सोमवार आहे, काल रविवार होता, उद्या मंगळवार असेल’ ही तीन वाक्ये वर्षभरात दीडशेहून अधिक वेळा कानांवर पडतात. बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणे वाटेल. परंतु पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे शब्द न कळताही मुलाला अर्थ कळतो, आणि कळलेल्या अर्थावर शब्द हळूहळू चिकटत जातात. भूत, वर्तमान व भविष्य हे तीन काळ व्याकरणाचे नावही न घेता येथेच प्रथम भेटतात. त्यानंतर फळ्यावर शिक्षिकेचा ‘सकाळचा निरोप’ असतो. त्यात आज वाचनालयात जायचे आहे किंवा कोणाचा वाढदिवस आहे असा मजकूर असतो, आणि काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या असतात. मुले त्या भरतात, ओळखीच्या अक्षराभोवती वर्तुळ काढतात, शिक्षिकेने हेतुतः केलेली चूक पकडल्यावर त्यांचा आनंद गगनात मावत नाही.

शिक्षिका पहिल्या दिवसापासून फ्रेंचच बोलते, मात्र मुलांवर तशी सक्ती नसते. पहिले काही महिने मूल इंग्रजीत विचारते आणि उत्तर फ्रेंचमध्ये मिळते. हे निभते ते हातवाऱ्यांमुळे : कानाला हात लावला की ऐका, तळवे पुस्तकासारखे उघडले की वाचा. ‘अँ, द, त्र्वा, रगार्दे-म्वा’ (एक, दोन, तीन, माझ्याकडे पाहा) अशी यमकाची हाक दिली की गोंगाट थांबतो. ‘झाँ दी’, म्हणजे ‘झाँ म्हणतो’, या खेळात झाँचे नाव घेऊन दिलेली आज्ञाच पाळायची असते. डोके, खांदे, गुडघे हे शब्द आणि क्रियापदांची आज्ञार्थी रूपे त्यात नकळत रुजतात. मुलांच्या तोंडी सर्वांत आधी अखंड बसणारे वाक्य बहुधा ‘एस्क झ प आले ओ त्वालेत’ म्हणजे ‘मी शौचालयात जाऊ का’ हे असते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण वर्गातील दुसऱ्या कोणत्याही वाक्याचा उपयोग इतका तातडीचा नसतो. ‘मी जाऊ का’ या साच्यात पुढे पाणी, खडू, खेळणे बसवून मूल स्वतःची वाक्ये करू लागते.

बडबडगीते व लोकगीते यांचे स्थान यात करमणुकीपेक्षा बरेच वरचे आहे. कोबी कसा लावायचा हे विचारणारे जुने फ्रेंच गीत म्हणताना मुले बोटाने, मग पायाने, मग कोपराने कोबी लावण्याचा अभिनय करतात. वाक्य तेच राहते आणि अवयव तेवढा बदलतो. फ्रेंचमधील अनुनासिक स्वर इंग्रजी भाषक मुलांना अवघड जातात, ते गाण्यांत वारंवार घोळले जातात.

वाचनाची सुरुवात ध्वनींपासून होते. व्यंजन व स्वर जोडून मा, मी, मो, म्यू अशी अक्षरे म्हणण्याचा फ्रेंच परिपाठ पाहिला की मराठी वाचकाला ‘म ला काना मा’ची आठवण व्हावी इतके साम्य आहे. तथापि बाराखडीचा सरळपणा फ्रेंचमध्ये टिकत नाही. ‘ओ’ हा एकच ध्वनी तीन-चार प्रकारे लिहिला जातो, शेवटची व्यंजने पुष्कळदा मुकी असतात, आणि ‘ए’ या स्वरावरील तिरप्या रेघेची दिशा बदलली की उच्चार बदलतो. मूल त्याच सुमारास घरी, रस्त्यावर, दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजीही वाचू लागलेले असते. त्यामुळे पी-ए-आय-एन ही चार अक्षरे दिसली की ती वेदना समजायची की पाव, असा पेच पडतो. फ्रेंचमध्ये तो पाव असून उच्चार ‘पँ’ असा आहे. म्हणून आठवड्याला एक ध्वनी घेऊन त्याची चित्रे जमविणे, टाळ्या वाजवून शब्दाची अक्षरे मोजणे, मोठ्या आकाराचे पुस्तक सर्वांनी मिळून वाचणे आणि भिंतीवर नेहमीच्या शब्दांची ‘शब्दभिंत’ वाढवत नेणे असे उपक्रम चालतात. शब्दभिंतीवर नाम एकटे लावायचे नाही, त्याच्या लिंगदर्शक उपपदासह लावायचे, अशी शिस्त चांगल्या वर्गांत पाळली जाते. काही शिक्षिका पुल्लिंगी शब्दांना एक रंग व स्त्रीलिंगी शब्दांना दुसरा रंग देतात.

गणितात भाषेचा अडसर सर्वांत कमी, असे वाटण्याचा संभव आहे, आणि साठपर्यंत ते खरेही आहे. सत्तरला मात्र फ्रेंच ‘साठ-दहा’ म्हणते, ऐंशीला ‘चार-वीस’ आणि सत्त्याण्णवला ‘कात्र-व्हँ-दीस-सेत’ म्हणजे ‘चार-वीस-दहा-सात’. आपल्याकडील जुनी माणसेही ऐंशीला ‘चार विसा’ म्हणत असत, तेव्हा मराठी वाचकाने याला हसण्याचे कारण नाही. हा गुंता सोडविण्यासाठी शाळेच्या प्रत्येक दिवसागणिक एक काडी वाढवायची, दहा काड्या झाल्या की जुडी बांधायची, असा उपक्रम सप्टेंबरपासून चालतो. साधारण फेब्रुवारीत शंभरावा दिवस येतो आणि त्या दिवशी मुले घरून शंभर मणी, शंभर बटणे असे काहीतरी मोजून आणतात. विज्ञानात ऋतू, सजीवांच्या गरजा, पंचेंद्रिये असे विषय असतात. पाण्याच्या टबात काय तरंगते आणि काय बुडते या प्रयोगात प्रत्येकाने आधी ‘मला वाटते, दगड बुडेल’ असे भाकीत करायचे असते. येथे भाषेला खरे काम मिळते. दगड बुडणार की नाही याची मुलाला उत्सुकता असते आणि ती सांगण्याची वाट फ्रेंचमधूनच जाते.

इमर्शनचे सामर्थ्य यात आहे आणि तिची उणीवही याच ठिकाणी आहे. अर्थ पोहोचला की काम भागते. त्यामुळे मोडके फ्रेंचही वर्गात पुरते आणि पुढे तेच मुरते. ‘मला सहा वर्षे आहेत’ या फ्रेंच रचनेऐवजी मुले इंग्रजीच्या धर्तीवर ‘मी सहा वर्षे आहे’ म्हणतात. ‘माझे संपले’ म्हणण्यासाठी ‘झे फिनी’ हवे तेथे ‘झ स्वी फिनी’ म्हणतात, ज्याचा ध्वन्यर्थ ‘मीच संपलो’ असा होतो. नामाचे लिंग चुकते. वर्गात सगळे एकमेकांना ‘त्यू’ म्हणजे ‘तू’ म्हणत असल्यामुळे आदरार्थी ‘व्हू’ तोंडात बसत नाही; तू आणि तुम्ही यांतील अंतर पाळण्यात वाढलेल्या मराठी मुलाला ही कल्पना तरी नवी नसते. विद्यार्थ्यांचे आकलन मातृभाषकांच्या जवळ जाते पण बोलणे तसे जात नाही, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले आणि नुसते समजेल असे ऐकविणे पुरेसे नसून मुलाला नेमके बोलायला भाग पाडले पाहिजे, असा आग्रह धरला. चुकीचे वाक्य शिक्षिकेने स्वतः सुधारून म्हणणे हा वर्गातील सर्वांत रूढ उपाय होय. परंतु रॉय लिस्टर व लायला रांटा या संशोधकांनी १९९७ मध्ये थोड्या मोठ्या वर्गांच्या अभ्यासातून दाखविले की त्या उपायाने मूल स्वतःची चूक सुधारते असे क्वचितच घडते. कारण उघड आहे. शिक्षिकेने आपले म्हणणे मान्य केले, एवढेच त्याला ऐकू येते. म्हणून अलीकडे ‘काय म्हणालास?’ असे विचारून थांबणे, दोघांनी पाठीला पाठ लावून चित्राचे वर्णन करणे, पहिलीत ‘काय नवीन?’ या सदरात घरून आणलेल्या वस्तूविषयी तीन वाक्ये बोलणे, अशा बोलायला लावणाऱ्या उपक्रमांवर भर दिला जातो. मधल्या सुट्टीत मात्र मुले सरसकट इंग्रजीतच भांडतात. त्यावर बक्षिसांपासून आर्जवांपर्यंत सारे उपाय झालेले आहेत. त्यांचा टिकाऊ परिणाम फारसा दिसत नाही.

वर्गाबाहेर फ्रेंच नसलेल्या गावांत भाषेला चेहरा मिळावा म्हणून हिवाळी उत्सवाचा आधार घेतला जातो. फेब्रुवारीत क्वेबेक शहरातील कार्निव्हलच्या धर्तीवर शाळेत बर्फातील खेळ होतात, लाल टोपी व रंगीत विणीचा कमरपट्टा बांधलेला बोनॉम हा हिममानव रंगविला जातो आणि मेपलचा उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओतून तयार होणारी ‘तीर’ नावाची चिकट मिठाई काडीला गुंडाळून खाल्ली जाते. मॅनिटोबात याच सुमारास विनिपेग शहराच्या सेंट बॉनिफेस या फ्रेंच भागात व्हॉयाझर महोत्सव भरतो; व्हॉयाझर म्हणजे होड्यांतून फरची वाहतूक करणारे जुने फ्रेंच नावाडी.

महाराष्ट्रात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारे मराठी मूल वरवर पाहता याच स्थितीत असल्याचे भासते. फरक लॅम्बर्ट यांनीच सांगितलेल्या एका भेदात आहे : नवी भाषा जुनीत भर घालते की तिची जागा घेते. सेंट लँबर्टमधील मुलांच्या इंग्रजीला कोठेच धोका नव्हता. घर, दूरदर्शन, बाजार आणि प्रतिष्ठा तिच्या बाजूने होती, आणि शिक्षिकेलाही ती समजत होती. मराठीबाबत तसे म्हणता येत नाही. टोरांटोजवळच्या ब्रॅम्पटन, मिसिसागा या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले इमर्शनमध्ये जातात तेव्हा फ्रेंच ही त्यांची तिसरी भाषा असते. नामाला लिंग असते हे त्यांना घरीच कळलेले असते. पण आई-वडिलांना गृहपाठ वाचता येत नाही आणि घरात वेळ कोणत्या भाषेला द्यायचा हा प्रश्न उभा राहतो. घरच्या भाषेतील समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते असे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचे प्रतिपादन असल्याने, आजीने मराठीतून गोष्ट सांगणे हाही फ्रेंच वाचनाला पूरक उपक्रम ठरतो.

कोणत्या वयात बुडी मारावी याबद्दल धोरण स्थिर नाही. कॅनडातील एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत असलेल्या न्यू ब्रन्स्विकने २००८ मध्ये पहिलीतील प्रवेश रद्द करून तो पुढे तिसरीवर नेला आणि २०१७ मध्ये पुन्हा पहिलीवर आणला. अभ्यासात अडखळणारी मुले इमर्शनमधून इंग्रजी वर्गांत जातात आणि इमर्शनमध्ये सुस्थितीतील मुलांचीच गर्दी राहते, अशी तक्रार तेथे होती. अशा मुलांना वर्गातच साहाय्य मिळाले तर त्यांना बाहेर काढण्याचे कारण उरत नाही, असे मानसशास्त्रज्ञ फ्रेड जेनेसी यांचे संशोधन सांगते. फ्रेंच शिक्षकांचा तुटवडा सर्वत्र आहे.

तिसरी-चौथीत इंग्रजीचा औपचारिक तास सुरू होतो. तोवर मुलांचे इंग्रजी शुद्धलेखन समवयस्कांच्या मागे असते आणि ते फ्रेंच वळणाचे असते. साधारण वर्षभरात ही तूट भरून निघते. त्या वर्षी वर्गातील शब्दभिंत दुभागते. एका बाजूस उपपदे लावलेले रंगीत फ्रेंच शब्द राहतात, दुसऱ्या बाजूस इंग्रजी शब्द लागतात, आणि सारखे लिहिले जाणारे पण वेगळे उच्चारले जाणारे शब्द दोन्ही बाजूंना शोधण्याचा खेळ काही दिवस चालतो.