मेंदू-इजा पुनर्वसन (पुरुष आंतररुग्ण विभाग)

डोक्याला जबर मार लागल्यानंतर जिवावरचा धोका टळलेल्या, पण वर्तन व मनोवस्था बिघडलेल्या पुरुषांना रुग्णालयात ठेवून करावयाचे उपचार. तीव्र मनोविकारांच्या कक्षाला ही सेवा काही ठिकाणी जोडलेली असते. अशा इजांत पुरुषांचे प्रमाण बहुतेक देशांत स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळते. वेगळ्या पुरुष कक्षामागे हे एक कारण. ललाट खंडाच्या (मेंदूच्या पुढच्या भागाच्या) इजेत लैंगिक संयम सुटू शकतो, हे दुसरे.

उगमाविषयी एकमत नाही. इंग्रजी लेखनात इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथील सेंट अँड्र्यूज रुग्णालयाच्या केम्सली कक्षाला आद्य मानण्याचा प्रघात आहे. पीटर ईम्स व रॉजर वुड यांनी हा कक्ष १९७० च्या दशकाच्या अखेरीस चालविला. आक्रमकपणामुळे इतरत्र थारा न मिळालेले रुग्ण तेथे घेत, योग्य वर्तनाला लगेच टोकन (बक्षीस वा सवलतीशी बदलता येणारे बिल्ले) देत. १९८५ मध्ये त्यांनी २४ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. टोकन पद्धती मात्र त्यांची नव्हे. मानसशास्त्रज्ञ आयलॉन व अॅझरिन यांनी ती अमेरिकेतील एका मनोरुग्णालयात १९६० च्या दशकातच राबविली होती. दुसरा पक्ष पहिल्या महायुद्धातील सैनिकी रुग्णालयांकडे बोट दाखवतो : जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे कुर्ट गोल्डस्टाइन, कोलोन येथे वाल्टर पॉपेलरॉइटर हे मेंदूला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन करीत. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या उरल भागात मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी हेच काम केले. पुनर्वसनाच्या कल्पनेचा मान युद्धकालीन रुग्णालयांना द्यावा लागेल. मात्र बिघडलेले वर्तन हाच उपचाराचा मुख्य विषय केम्सलीत झाला, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

निदानातील खरी अडचण आघातोत्तर स्मृतिलोपाची, म्हणजे इजेनंतर काही काळ नव्या आठवणी न टिकण्याची. या अवस्थेत रुग्ण नीट बोलतो, जेवतो. पण सकाळी काय खाल्ले ते दुपारी त्याला आठवत नाही. कामाला उशीर झाला म्हणत तो दाराशी येतो, अडवले की हात उगारतो. आठवणीतली पोकळी तो नकळत रचलेल्या तपशिलांनी भरतो, आणि वरवर पाहता हे छिन्नमनस्कतेतील भ्रमासारखे वाटते. म्हणून खाटेसमोर वार, तारीख व रुग्णालयाचे नाव लिहिलेला फळा ठेवून स्थलकालभान रोज तपासतात. स्मृतिलोप सात दिवसांहून लांबल्यास इजा अतितीव्र मानण्याची रीत आहे. हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारविरोधी औषधे हात राखून देतात, कारण प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांनी हालचालींची सुधारणा मंदावल्याचे आढळले. आक्रमकतेवर प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबावरील औषधाचा पुरावा त्या मानाने बरा, तोही मोजकाच.

भारतात बंगळूरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत मनोविकार व चेतासंस्थेचे पुनर्वसन हे दोन्ही विभाग एकत्र आहेत. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील मनोविकाराच्या व्याख्येत स्थलकालभान व स्मृती यांतील गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे.