सलाईन संपले तेव्हा

साखरेच्या गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ (म्हणजे जुलाबात पाजायची जलसंजीवनी) ही अक्षरे छापण्यास देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. विदर्भातील खेड्यांत मात्र अडचण निराळी आहे. हगवण लागलेल्या लेकराला घेऊन आलेल्या आईच्या हाती जलसंजीवनीचे पाकीट ठेवले की आपली बोळवण झाली असे तिला वाटते, आणि “एक सलाईन तरी लावून द्या ना, डॉक्टरसाहेब” अशी विनवणी सुरू होते. नळी लावली तरच खरा उपचार झाला, पाकीट म्हणजे गरिबाची समजूत, हा समज इतका पक्का आहे की काही खासगी दवाखाने केवळ त्यावर चालतात.

या पाकिटाची खरी परीक्षा झाली ती निर्वासितांच्या छावणीत. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे साठच्या दशकात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील मुलचेरा-चामोर्शी भागात वसवली गेली, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. १९७१ च्या युद्धकाळात त्याच प्रदेशातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे पटकीची (कॉलराची) साथ पसरली, रुग्णालयात जमिनीवरही जागा उरली नाही आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून पिंपांत भरले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. हेही सलाईनच आहे, फक्त तोंडाने द्यायचे, अशी त्यांची समजूत काढावी लागली. छावणीतील पटकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते. या उपचाराखालील रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले.

हे घडले कसे, ते लहान आतड्याच्या अस्तरात पाहावे लागते. पटकीच्या जंतूचे विष त्या अस्तरातील पेशींत शिरून ‘सायक्लिक एएमपी’ नावाच्या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढवते. त्यामुळे क्लोराइड या मिठातील घटकाचे मार्ग उघडेच राहतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते आणि त्यामागोमाग मिठातील दुसरा घटक सोडियम व पाणी जाते. मीठ शोषून घेण्याचा नेहमीचा मार्गही या वेळी मंदावतो, म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजले तर ते बहुतांशी तसेच बाहेर पडते. पण पेशीच्या पृष्ठभागावरील ‘एसजीएलटी-१’ या प्रथिनाला ते विष धक्का लावत नाही. हे प्रथिन ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते. बंडीला जुंपलेले दोन बैल आणि वर बसलेला गडी यांसारखे हे आहे: बैलांवाचून गडी पुढे जात नाही आणि गड्यावाचून बैल वाट धरत नाहीत. पेशीची दुसरी बाजू सोडियम सतत रक्ताकडे ढकलत असल्याने पेशीच्या आत त्याची कमतरता राहते आणि त्या ओढीवरच ही वाहतूक चालते. क्षार आणि साखर आत गेली की पाणी त्यांच्यामागे जाते. ही जोडवाहतूक जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली होती.

म्हणजे जलसंजीवनीतील साखर अंगात ताकद यावी म्हणून नसते, मिठाला आत नेण्यासाठी असते, आणि म्हणूनच ती मोजून असावी लागते. आजच्या पाकिटात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. शीतपेयात साखर साधारण शंभर ग्रॅमच्या घरात असते. इतके दाट द्रावण आतड्यात गेले की परासरणाने उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. खोक्यावरील त्या अक्षरांना मनाई होणे म्हणूनच योग्य होते.

बाळाची टाळू खोल गेली की ती ‘बसली’ म्हणून उचलून घेणे किंवा मेळघाटात आजही घडते त्याप्रमाणे पोटफुगीसाठी लेकराच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देणे, यांमागील माया खोटी नसते. उपाय मात्र घातक आहेत. खोल गेलेली टाळू शरीरातील पाणी कमी झाल्याची खूण आहे. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती सावकाश पूर्ववत होत असेल तर उशीर करू नये. मूल पीत नसेल, निपचित पडले असेल किंवा शौचात रक्त असेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. पाणी अतिशय कमी झाले असेल तेथे सलाईनच हवे, आणि बनगावातही उरलेल्या बाटल्या अशाच रुग्णांसाठी राखल्या गेल्या होत्या.

पाकीट आशाताईंकडे विनामूल्य मिळते. ते पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवावे, अर्धे अर्धे करू नये, आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ घ्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. या पाण्याने जुलाब लगेच थांबत नाहीत आणि नेमके तेव्हाच घरचे ते पाजणे सोडून देतात. जुलाबाचे दिवस कमी करण्याचे काम त्यासोबत दिलेल्या जस्ताच्या (झिंकच्या) गोळीचे आहे, आणि ती जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस द्यायची असते.