मांजरांचा तात्पुरता सांभाळ

रस्त्यावर, वाड्याच्या माळ्यावर किंवा बंद दुकानाच्या पायरीआड सापडलेल्या निराधार मांजराला अथवा त्याच्या पिलांना कायमचे घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवणे, त्यांना खाऊपिऊ घालणे, औषधपाणी करणे आणि माणसांची सवय लावणे, याला तात्पुरता सांभाळ असे म्हणता येईल. बोलण्यात त्यासाठी ‘फॉस्टर करणे’ हा शब्दप्रयोग रुळला आहे. हा सांभाळ पाळण्याहून वेगळा आहे, कारण पिलू घरात येते त्याच दिवशी ते पुढे कोणाकडे जाईल याचा विचार सुरू करावा लागतो. पिलांच्या बाबतीत हा काळ साधारणतः एक ते तीन महिन्यांचा असतो.

मांजर आपली पिले सात घरे फिरवते, अशी जुनी समजूत आहे. सातचा आकडा सोडला तर तीत तथ्य आहे. भाटी, म्हणजे मादी मांजर, धोक्याची शंका येताच पिले तोंडात धरून जागा बदलते आणि अन्नासाठी काही तास त्यांना एकटे सोडूनही जाते. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एखाद्या कौलारू घराच्या पोटमाळ्यावर पिले दिसली, की ती टाकून दिलेली आहेत असे समजून उचलण्याची घाई होते आणि दयेपोटी आईपासून ताटातूट घडते. पिले स्वच्छ, पोट भरलेली आणि शांत असतील, तर आई येऊन जात आहे असे समजावे. शंका असल्यास पिलांभोवती पिठाची बारीक रेघ ओढून ठेवावी म्हणजे पावलांवरून उलगडा होतो. आई सापडली तर दोघांना एकत्र आणणे सर्वांत चांगले.

पंचगंगेच्या पुरात मात्र अशी वाट पाहता येत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि नदीकाठच्या वस्त्यांना घरे सोडावी लागली. मांजर अशा वेळी माणसांमागून येईलच असे नाही. ते उंच जागा धरून बसते आणि पाणी ओसरल्यावर उपाशी, भेदरलेले सापडते. त्याला मालक असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून पुरात सापडलेल्या मांजराला लगेच दुसरे घर शोधू नये. आधी गल्लीत आणि तालमीत चौकशी करावी आणि विस्थापित कुटुंब परतेपर्यंत त्याला सांभाळावे.

आईविना पिलांच्या संगोपनात सर्वाधिक चुका दुधाबाबत होतात. कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा आहे, त्यामुळे पिलू दिसले की बशीत गाईचे किंवा म्हशीचे दूध ओतले जाते. ते पिलाला पचत नाही. जुलाब होतात आणि शंभर-दोनशे ग्रॅम वजनाचे पिलू शरीरातील पाणी कमी होऊन एका दिवसात दगावू शकते. त्याऐवजी मांजरपिलांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरावी. त्याआधी पिलू उबेत आणावे, कारण पहिले तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही आणि गारठलेल्या पिलाला पाजलेले दूध पचत नाही. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली आणि पुठ्ठ्याचा खोका एवढ्यावर भागते. पाजताना पिलू पोटावर असावे, उताणे नव्हे. नाहीतर दूध फुप्फुसात जाते. पहिल्या आठवड्यात रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने हलकेच पुसून शी-शू करवावी लागते. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे. ते दररोज सुमारे १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे.

चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू होते. तांबडा किंवा पांढरा रस्सा, त्यातले मटण, किंबहुना अळणी, म्हणजे मटण शिजवलेले बिनतिखटाचे पाणीसुद्धा मांजराला देऊ नये, कारण त्यांत कांदा-लसूण असतो आणि त्याने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी चालते. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. ती मांजराला विषच आहे.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांचा हात लागलेले पिलू धीट होते, म्हणून या दिवसांत त्याला कोंडून न ठेवता घरातल्या आवाजांत वाढवावे. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांनी दुसरी आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, असा सर्वसाधारण क्रम पशुवैद्य सांगतात. आई-मांजर पिलांना पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. पिले दूध सोडताच तिची नसबंदी केली नाही, तर काही महिन्यांत तोच सांभाळ पुन्हा करावा लागतो.

घर शोधणे हा या कामाचा गाभा आहे आणि त्याला घाई मारक ठरते. मोबाइलवरचा फोटो पाहून पिलू मागणारे बरेच असतात. त्यांच्याशी बोलताना घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती आहे का, भाड्याचे घर असल्यास घरमालकाला चालेल का, वरच्या मजल्याच्या खिडक्यांना जाळी आहे का आणि नसबंदीचा खर्च करण्याची तयारी आहे का, हे विचारावे लागते. काळे पिलू आणि मादी यांना घर मिळायला अधिक दिवस लागतात. शक्य असेल तर एकाच वेताची दोन पिले मिळून द्यावीत. सांभाळता आले नाही तर परत आणा, असे आधीच सांगून ठेवणे फार महत्त्वाचे, कारण पिले पोत्यात घालून दूर सोडून येण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पिलू सोपवताना त्याच्या अंथरुणातले एखादे फडके सोबत द्यावे. ओळखीच्या वासाने नव्या जागेत त्याला धीर येतो. पिलू गेल्यानंतर खोका टाकून द्यावा आणि फरशी व भांडी ब्लीचच्या पाण्याने धुवावीत. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या रोगाचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. त्यामुळे ज्या घरात या रोगाने एखादे पिलू गेले असेल, तिथे पुढचे वर्षभर लस न टोचलेले पिलू आणू नये.