ऑक्सिमीटर ९९ दाखवतं, तरी श्वास का पुरत नाही?

कोविडच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर अजून अनेक घरांत कुठल्यातरी खणात पडून आहे. माझ्या मावसभावाने ते गेल्या वर्षी रात्री दोन वाजता शोधून काढलं. झोपेतून दचकून उठला होता. छातीत धडधड, दरदरून घाम, श्वास पुरेना, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या. आता आपण जातोय, याची त्याला पक्की खात्री. बोट घातलं तर आकडा ९९. वहिनी म्हणाली, बिघडलंय ते. दोघं रिक्षाने रुग्णालयात गेली. ईसीजी नॉर्मल, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन आहे."

ते "काही नाही" मला अजून खटकतं. हृदयाला काही झालं नव्हतं हे खरं, आणि ते तपासून घेतलं हेही योग्यच. पण त्याच्या मुंग्या काल्पनिक नव्हत्या. त्यामागे चोख रसायनशास्त्र असतं, आणि ते रुग्णाला कोणी सांगत नाही.

त्याला आला होता तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका. त्यात माणसाला वाटतं, आपल्याला ऑक्सिजन कमी पडतोय. बऱ्याचदा घडत असतं उलटं: तो गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय की ऑक्सिजन म्हणजे अमृत आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे केर, जितका बाहेर टाकाल तितकं बरं. शरीराचं मत वेगळं आहे. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास राहावा म्हणून मेंदूचा देठ रात्रंदिवस राबत असतो. पाण्याखाली श्वास रोखल्यावर होणारी तगमगही मुख्यतः हा वायू साठल्याची असते, ऑक्सिजन संपल्याची नव्हे.

घाबरल्यावर शरीर पळायची तयारी करतं आणि श्वास वाढवतं. खरंच पळालो असतो तर स्नायूंनी तेवढा कार्बन डायऑक्साइड तयार केला असता आणि हिशेब जुळला असता. पण माणूस गादीवर बसलेला. आवक तेवढीच, जावक दुप्पट. दाब ४० वरून ३०, कधी त्याहूनही खाली येतो. ऑक्सिजन वाढायला मात्र जागाच नसते, कारण हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. ते ९९ इथून आलं. यंत्र ठणठणीत होतं.

आता माझा आवडता भाग. थोडा किचकट आहे, सांभाळून घ्या.

कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल बनवतो. तो घटला की रक्ताचा सामू (pH) ७.४ वरून ७.५ किंवा त्याही पुढे सरकतो. आकडा किरकोळ वाटतो, पण रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला तो लगेच कळतो. अल्ब्युमिनवर ऋणभाराच्या जागा असतात. काहींवर हायड्रोजनचे आयन बसलेले, काहींवर कॅल्शियमचे. सामू वाढला की हायड्रोजन उठून जातात आणि दादरला उतरणाऱ्याच्या सीटवर टपलेला प्रवासी बसावा तसं कॅल्शियम तिथे बसतं. एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, त्यामुळे नेहमीच्या रिपोर्टात काही दिसत नाही. पण मोकळं फिरणारं कॅल्शियम कमी होतं. हे मोकळं कॅल्शियम चेतातंतूंच्या दारावरचा पहारेकरी आहे. सोडियमच्या वाहिन्या ऊठसूट उघडू नयेत हे त्याचं काम. पहारा ढिला पडला की कोणी स्पर्श न करताही तंतू संदेश पाठवू लागतात. त्याच त्या मुंग्या. प्रकार वाढला तर अंगठा तळव्याकडे ओढला जातो, मनगट वाकतं, हात आखडतो.

त्याच वेळी मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून २५ वर आला तर मेंदूचा रक्तपुरवठा साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटतो. वर हिमोग्लोबिनही हातातला ऑक्सिजन सहजी सोडत नाही. हा परिणाम क्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये मांडला (अणुरचनेवाले नील्स बोर यांचे वडील). म्हणजे श्वासासाठी जितकी धडपड, तितका मेंदूला ऑक्सिजन कमी! त्यातून चक्कर येते, आजूबाजूचं जग खोटं वाटू लागतं. बेशुद्धी मात्र क्वचितच, आणि श्वास मंदावला की काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं.

सगळ्याच झटक्यांत श्वास इतका वाढत नाही, हेही खरं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं की खरी मेख लक्षणाच्या अर्थात आहे. धडधड झाली, "हार्ट अटॅक" असा अर्थ लावला, भीती वाढली, भीतीने धडधड वाढली. चक्र सुरू.

हात आखडलेला दिसला की आपल्याकडे "बाहेरचं काहीतरी" म्हणणारे लगेच जमतात. लिंबू उतरवून कोणाचं फार बिघडत नाही, पण मिरचीची धुरी द्यायची, साखळीने बांधायचं, हा छळ आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हाही आहे. शहरातला मांत्रिक वेगळा. त्याच्या शिबिरात लोकांना भराभर श्वास घ्यायला लावतात आणि मुंग्या आल्या की सांगतात, ऊर्जा वाहतेय. ऊर्जा कसली, कॅल्शियम सीटवर बसलंय.

मग करायचं काय? असा त्रास पहिल्यांदाच होत असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. हे घरी ठरवायचं नाही. थायरॉइडही तपासून घ्यावा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय विसरा: त्रास खरंच हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर तो घातक ठरतो. आणि घाबरलेल्याला "खोल श्वास घे" सांगू नका, तो आधीच खोल घेतोय. नाकाने, हळू, उच्छ्वास लांबवत, इतकं पुरे.

झटके वारंवार येत असतील, त्या भीतीने लोकल, लिफ्ट, लग्नकार्य टाळणं सुरू झालं असेल, तर मानसोपचार हवेत. अशा माणसांत नैराश्यही बरेचदा आढळतं. औषधं आहेत, पण नैराश्यावरची जी औषधं इथेही वापरतात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर धीर धरावा लागतो, मनाने बंद करायची नसतात. कुठे जावं हेच कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मला सगळ्यात आवडतो तो उपाय मात्र ऐकायला उफराटा वाटतो. समुपदेशक रुग्णाला तीच लक्षणं मुद्दाम आणायला लावतात. फिरत्या खुर्चीत गरगर फिरा, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्या, जागच्या जागी धावा. लक्षण येतं, काही होत नाही, ओसरतं. पुन्हा, पुन्हा. मेंदूला कोणी समजावत बसत नाही, त्याला अनुभव देतात.

मावसभावाला समुपदेशकाने तिसऱ्या भेटीत मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावलं. चाळिसाव्या सेकंदाला ओठांभोवती मुंग्या आल्या. तो थांबला, हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, हेच की ते! हे तर मीच केलं आत्ता."