चित्र दिसत नाही, पण कोन मोजता येतो

महाकाय कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीलगत अतितप्त इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. त्याला करोना म्हणतात आणि बरेचसे क्ष-किरण तिथूनच येतात. हा ढग तबकडीवर साईसारखा पसरलाय की दिव्यासारखा वर टांगलाय? दुर्बिणीच्या चित्रात ते दिसणार नाही, कारण सगळा पसारा एकाच ठिपक्यात मावतो. मात्र इलेक्ट्रॉनांवर आदळून वळलेले क्ष-किरण काही प्रमाणात ध्रुवित होतात, म्हणजे त्यांच्या विद्युतक्षेत्राची कंपनं एका दिशेकडे झुकतात, आणि किती व कोणत्या कोनात, हे ढगाच्या आकारावर ठरतं.

९ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेला, नासा आणि इटलीच्या अवकाश संस्थेचा आयएक्सपीई उपग्रह २ ते ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या पट्ट्यात हेच मोजतो. त्याच्या तीन शोधकांपैकी (डिटेक्टर) प्रत्येकात डायमिथाइल ईथर वायूचा १ सेंटिमीटर जाड थर आहे. फोटॉन, म्हणजे क्ष-किरणाचा एक कण, शोषला गेला की अणूतून इलेक्ट्रॉन उडतो, बहुतेकदा फोटॉनच्या विद्युतक्षेत्राच्या रोखाने. त्याच्यामागे आयनांची रेघ उमटते आणि खालची १,०५,६०० पिक्सेलांची चिप ती टिपते. रेघ असते वेडीवाकडी. त्यात तिचं ठळक टोक फसवं: थांबता थांबता इलेक्ट्रॉन सर्वाधिक ऊर्जा सांडतो, पण तोवर मूळ दिशा विसरलेला असतो. म्हणून आधी फिकं टोक, म्हणजे सुरुवात, शोधायची आणि कोन तिथला घ्यायचा. २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तर रेघ इतकी आखूड, की गोलसर डागच दिसतो.

त्यामुळे शंभर टक्के ध्रुवित किरणांतही कोनांचा चढउतार पूर्ण उमटत नाही. सरासरी ३० टक्केच उमटतो असं धरू. मग ५ टक्के ध्रुवीकरण ९९ टक्के खात्रीने ओळखायला, पार्श्वभूमीचा गोंगाट शून्य मानला तरी, सुमारे ८२ हजार फोटॉन लागतात. १ टक्क्यासाठी पंचवीसपट, म्हणजे वीस लाखांवर! मंद आकाशगंगेकडे कित्येक दिवस टक लावून बसावं लागतं ते यामुळे. शिवाय शोधक स्वतःच खोटं ध्रुवीकरण दाखवू शकतो. म्हणून तिन्ही शोधक एकमेकांशी १२० अंशांत वळवून बसवलेत, म्हणजे खोटा भाग एकमेकांत खोडला जातो.

एनजीसी ४१५१ या आकाशगंगेत सुमारे ४.९ टक्के ध्रुवीकरण सापडलं, तेही रेडिओ झोताला, म्हणजे कृष्णविवराजवळून उसळणाऱ्या आणि रेडिओ लहरींत दिसणाऱ्या प्रवाहाला, समांतर. टांगलेल्या दिव्याला इतकं जमत नाही. तबकडीलगत आडव्या पसरलेल्या करोनाला जमतं. सर्सिनस आकाशगंगेत कोन नेमका उलटा, झोताला काटकोनात. तिथे करोना धुळीच्या जाड कड्याआड लपलाय आणि आपल्याला दिसतो तो मुख्यतः कड्यावरून परावर्तित झालेला प्रकाश.