मुष्टिफंड

मुष्टिफंड : घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढून गोरगरीब, बहुजन व अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांची वसतिगृहे चालविण्याची सातारा भागातील पद्धत. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेमुळे ती रूढ झाली.

तिचा उगम वादाचा आहे. सुमारे 1910 मध्ये भाऊराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधगाव (जि. सांगली) येथे काढलेला विद्यार्थी आश्रम हे तिचे पूर्वरूप मानता येते, मात्र पद्धत म्हणून तिची घडण काले (ता. कराड) येथे 4 ऑक्टोबर 1919 रोजी संस्था स्थापन झाल्यानंतरची धरणे अधिक सयुक्तिक. माधुकरीशी तिचे नाते जोडले जाते, ते वरवरचे वाटते. माधुकरीत विद्यार्थी स्वतःपुरते शिजलेले अन्न मागतो. मुष्टिफंडात कोरडे धान्य सामायिक साठ्यात पडे आणि सर्व जातींच्या मुलांसाठी एकाच चुलीवर शिजे. कोल्हापूरच्या वसतिगृहांना दरबाराचा आधार होता, तसा साताऱ्यात नव्हता.

दळण काढताना घरची बाई एक मूठ ज्वारी किंवा बाजरी वेगळ्या गाडग्यात टाकत असे. ठरल्या दिवशी घरोघरी फेरी काढून ते धान्य गोळा केले जाई. मूठ सुमारे 50 ग्रॅमची धरली तर एका घरातून महिन्याला दीड किलो, शंभर घरांतून दीडशे किलो धान्य निघते. वाढत्या वयाच्या मुलाला महिन्याला 15 ते 18 किलो लागते. म्हणजे शंभर घरांवर आठ-दहा मुले जगत. ज्वारी-बाजरी एकत्र झाली की दळणाची पंचाईत होते, म्हणून पोती वेगळी ठेवावी लागत. पावसाळ्यात ओल लागून सोंडे पडतात; आधी कडक ऊन दाखवणे हाच उपाय. सुगीत मूठ सैल असे, चैत्र-वैशाखात आवळे, आणि माण-खटावसारख्या दुष्काळी मुलुखात पार थांबे. फेरी दोनदा चुकली की गाडगे पुन्हा घरखर्चाला लागे. फेरीची शिस्त देणगीदारांच्या यादीपेक्षा मोलाची, ती यामुळेच.

तेल-मीठ, पुस्तके व फी यांना रोकड लागे, ती मुठीतून मिळत नसे. साताऱ्याच्या वसतिगृहासाठी (1924) भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. 1927 मध्ये महात्मा गांधींनी भेट दिली तेव्हा या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या सातारच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे समांतर सरकारच्या, काळात (1943–46) भूमिगत तरुणांना गावोगावी घराघरातून भाकरी मिळे. तिला मुष्टिफंड म्हणत नसत. पण मूठ देणाऱ्या घरांसारखीच भाकरी देणारी घरेही बहुधा शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचीच होती.