साळिंदर काटे फेकत नाही

‘साळिंदर लांबूनच काटे फेकून मारतं’ ही समजूत आपल्याकडे आहे, तशीच कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानी मुलखातही. ती साफ चुकीची आहे. काटे कातडीत सैलसर बसलेले असतात. कुत्र्याने तोंड घातलं किंवा शेपटीचा फटका बसला, की ते सुटून थेट त्याच्या थोबाडात रुततात. त्याच मुलखातल्या सॅस्काटून शहराकडे काटे रुतलेली अशी कुत्री वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत जास्त सापडतात. तिथल्या साळिंदराच्या काट्याच्या टोकाला बारीक उलटे आकडे असतात, त्यामुळे काटा आत आतच सरकतो.

काटा कापला की हवा निघून तो सहज सुटतो, हीसुद्धा थापच. कृपा करून कापू नका. मोडका तुकडा मग शोधूनही सापडत नाही. कुत्र्याला पंजाने तोंड घासू देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर भूल देऊन काटे काढतात.